मेळघाटातला मध : कोरकू गावात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेळघाटातून मी पहिल्यांदा आणलेला मध घरापर्यंत पोचलाच नाही. मे महिना होता. परतवाड्याहून अमरावतीच्या एसटीत बसलो. सीटखाली पिशवी, पिशवीत पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्या, मधाने गळ्यापर्यंत भरलेल्या आणि झाकणं जीव खाऊन आवळलेली. अर्ध्या वाटेत एका बाटलीचं झाकण फट्‌कन उडालं आणि फेसाळलेला मध शेजारच्या मावशींच्या पातळावर! मावशी भल्या होत्या. बोट चाटून पाहिलं नि म्हणाल्या, "आंबला न बाप्पा हा. कच्चाच काढला कोनं तरी."

तो कच्चा काढायला लावणारा मीच होतो. गावात गाळून ठेवलेला मध होता, पण मला तो नको होता. "माझ्यासमोर पोळं तोडून द्या, तरच घेतो," असा माझा हट्ट. शहरातून जाणारे बहुतेक जण हाच हट्ट धरतात, कारण डोळ्यांदेखत काढलेला मध म्हणजे अस्सल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्या हट्टापायी मध कच्चा निघतो, अळ्यांसकट मोहोळ जातं, आणि वर चढणाऱ्या माणसाचा जीव नको तेव्हा टांगणीला लागतो. पुढच्या तीन-चार फेऱ्यांत हे मला गावातल्या कोरकू आदिवासी लोकांनीच, न रागावता, समजावलं. तुमची पहिली फेरी तरी माझ्यासारखी होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

१. कुठला मध हवा, ते आधी ठरवा

"जंगलचा मध" असा एक पदार्थ नसतो. माशी बदलली की मध बदलतो, आणि तुम्ही जायचं कुठे तेही बदलतं.

आग्या ही सगळ्यांत मोठी माशी. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला एकच भलं मोठं पोळं टांगते, उघड्यावर. तिला पेटीत पाळता येत नाही. मेळघाटचा जो रानमध म्हणतात तो बहुतेक हिचाच. सातेरी अंधाऱ्या जागी, झाडाच्या ढोलीत किंवा वारुळाच्या पोकळीत समांतर पोळी बांधते, म्हणून तिला लाकडी पेटीत पाळता येतं. फुलोरी छोटी असते. झुडपात तळहाताएवढं पोळं करते आणि मध अगदी थोडा देते. चौथी पोयाची माशी, हिला नांगी नाही. तिचा आंबटसर मध लोक औषधाला जपून ठेवतात. तो विकत मागू नका, कोणी आपणहून चमचाभर दिला तर नशीब समजा.

पेटीतला मध आणि मधपाळाचं काम निवांत बघायचं असेल, बरोबर लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर चिखलदऱ्याजवळचं आमझरी बघा. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' योजनेत ते आहे. या योजनेतलं पहिलं गाव महाबळेश्वरजवळचं मांघर, २०२२ सालचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना तेच जवळ पडेल, आणि कोल्हापूरकरांना भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. तिथे जायला या लेखाची फारशी गरज नाही. पुढचं सगळं आहे ते आग्याच्या मधासाठी आतल्या कोरकू गावात जाणाऱ्यांसाठी.

२. हंगाम पाहून तारीख ठरवा

फेब्रुवारीच्या शेवटी पळस आणि सावर फुलतात, मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि जांभूळ. माशा तेव्हा जोरात असतात. पिकलेला मध मिळायला लागतो तो साधारण एप्रिलच्या मध्यापासून, आणि पहिल्या पावसापर्यंत चालतो. पाऊस पडला की आग्या जागा सोडून निघून जाते. पावसाळ्यानंतर थोडा मध पुन्हा निघतो, पण त्याच्या भरवशावर पुण्या-मुंबईहून निघू नका.

होळीच्या आठवड्याचं वेगळं सांगतो. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण. मजुरीला लांब गेलेली माणसं होळीला घरी येतात, नाच चालतो, आणि रस्त्यावर गाड्या थांबवून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. काही पर्यटक याला "वसुली" म्हणून चिडतात. फगवा हा त्यांचा हक्काचा रिवाज आहे. दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा, हसून द्या, पुढे जा. सण बघायला जरूर जा, पण त्या आठवड्यात कामाचं, मधाचं कोणाशी बोलू नका. कोणी झाडावर चढणार नाही, आणि चढूही नये.

मोहफुलं वेचायचे दिवस, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, पहाटे एकट्याने रानात भटकू नका. मोह अस्वलालाही आवडतो, मधही आवडतो. मेळघाटात वाघाची चौकशी सगळे करतात, गावातली माणसं अस्वलाला जास्त जपून असतात.

३. परवानगी: कुठे लागते, कुठे नाही

मेळघाट म्हणजे अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. व्याघ्र प्रकल्प १९७४ सालचा, देशातल्या अगदी पहिल्या काही प्रकल्पांपैकी. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. गाभा क्षेत्रात (कोअरमध्ये) परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "गाईड ओळखीचा आहे, चालतं" असं कोणी म्हणालं तरी नाही. आणि गाभ्यातला मध कोणाकडे मागूही नका, तो माणूस तुमच्यामुळे अडचणीत येईल.

तुम्ही जाणार ती गावं गाभ्याच्या बाहेर, रस्त्याला लागून असलेली किंवा थोडी आत. तिथे जायला वेगळा पास नको. पण गावाच्या हद्दीतल्या जंगलात शिरायचं असेल तर गावाची संमती हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू, गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासी समाजांना दिला, आणि त्या वनोपजाच्या व्याख्येत मध आणि मेण नावानिशी आहेत. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालाय तिथे मध कोणी, कधी, कुठल्या झाडाचा काढायचा हे ग्रामसभा ठरवते. म्हणून पहिला फोन ओळखीच्या पर्यटन एजंटाला करू नका. तो गावच्या सरपंचाला, वनहक्क समितीतल्या माणसाला, नाहीतर तिथे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला करा. शाळेतले गुरुजीही चालतात. सांगायचं एवढंच: आम्ही इतके जण अमुक दिवशी येऊ, मध विकत घ्यायचा आहे, जमलं तर काम पाहायचं आहे, जेवण सांगून ठेवाल का. नेटवर्क कुठे असतं, कुठे नसतं. फोन लागला नाही तर दोन दिवसांनी परत लावा.

४. बरोबर काय घ्याल

कागदपत्रं:
- प्रत्येकाचं आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स
- गाडीची कागदपत्रं, पीयूसीसकट. वनविभागाच्या नाक्यावर गाडीचा नंबर आणि नाव लिहून घेतात
- मुक्कामाच्या बुकिंगचा कागदी प्रिंट (फोनमधला उघडेलच असं नाही)

सामान:
- काचेच्या, रुंद तोंडाच्या, पूर्ण कोरड्या बरण्या
- छोटा स्प्रिंग काटा
- फिकट रंगाचे, गुळगुळीत कापडाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे. काळे आणि लोकरी कपडे माश्यांना खुपतात
- टॉर्च, पाणी, ओआरएस, आणि कोणाला ॲलर्जी असेल तर त्याची औषधं डॉक्टरांना विचारून
- सुट्ट्या नोटा. एटीएमचं काम परतवाड्यातच उरका

घरी ठेवून यायच्या वस्तू: अत्तर, सुगंधी तेल, ड्रोन. ड्रोनने मोहोळ उठतं, शिवाय व्याघ्र प्रकल्पात तो उडवायला बंदी आहे. बिडी-सिगारेटही नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि सागाचा पाचोळा कसा पेटतो हे एकदा पाहिलेला माणूस परत काडी ओढत नाही.

काही जण रिफ्रॅक्टोमीटर नेतात, मधातलं पाणी मोजायला. उपयोगी वस्तू आहे, मीही घेतला. पण पहिल्या भेटीत तो खिशातून काढलात तर समोरच्याला वाटतं तुम्ही अन्न निरीक्षक आहात. घरी आल्यावर मोजा.

५. पोचायचं कसं

रेल्वेने बडनेरा किंवा अमरावती. तिथून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, एसटी भरपूर. परतवाडा म्हणजे मेळघाटचा उंबरठा: पेट्रोल, औषधं, रोकड, भाजी, सगळं इथेच. पुढे दोन वाटा. एक चिखलदऱ्याकडे, साधारण ३० किलोमीटर वर. दुसरी घटांगचा घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीकडे. आतल्या गावांना दिवसातून एखाद-दुसरी एसटी, बाकी काळी-पिवळी जीप. काळी-पिवळी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि "भरली" म्हणजे किती याची तुमची कल्पना तिथे बदलते.

घाटात संध्याकाळनंतर गाडी चालवू नका. रानगवा वळणावर उभा असला तर हॉर्न वाजवून हटत नाही. सेमाडोह आणि कोलकासला वनविभागाची निवासस्थानं आहेत, चिखलदऱ्याला एमटीडीसी आणि लॉज. गावात कोणाच्या घरी राहायचं असेल तर आधी बोलून, पैसे ठरवून. आयत्या वेळी अंगणात तंबू ठोकू नका.

६. गावात शिरल्यावर

कोरकू गाव ओळखू येतं. मधे रुंद रस्ता आणि दोन्हीकडे समोरासमोर घरांच्या रांगा. अंगणं सारवलेली, कुडाच्या भिंती. गावाच्या वेशीशी मुठवा देवाचं ठाणं असतं, झाडाखाली मांडलेले दगड. त्यावर बसू नका, बॅग टेकवू नका. सांगायची गरज नाही असं वाटेल, पण मी एका ग्रुपला तिथे डबा खाताना पाहिलंय. कोरलेले लाकडी खांब दिसले तर ते मुंडा, वारलेल्या माणसांच्या आठवणीत उभारलेले. फोटोआधी विचारा.

कोरकू भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या घरातली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. बाहेरच्यांशी लोक हिंदी मिसळून बोलतात, शिकलेली पोरं मराठी बोलतात. "राम राम" सगळीकडे चालतं. मोठ्यांना बाबा, बरोबरीच्यांना दादा-भाऊ, बायकांना मावशी किंवा ताई. "ए" म्हणून हाक मारू नका. वयस्कर माणसाला त्याच्याच अंगणात "अरे, मध आहे का?" विचारणारे लोक मी पाहिलेत, आणि ते शिकलेले होते.

पहिला अर्धा तास मधाचं नाव काढू नका. बसा. कोरा चहा येईल, प्या. पाऊस, शेती, पोरं कुठे शिकतात, हे बोला. जेवण सांगितलं असेल तर कुटकीचा (बारीक भरडधान्याचा) भात मिळाला तर बघा. जेवणाचे पैसे घरातल्या बाईच्या हातात द्या, चुलीपुढे तिचाच वेळ गेलेला असतो. पोरांना चॉकलेटं वाटू नका. कुपोषणाच्या बातम्या वाचून गेलेले पाहुणे उघड्या पोराचा फोटो काढतात. तो फोटो तुमच्या सोसायटीतल्या मुलाचा तुम्ही काढाल का, एवढं मनाशी विचारा आणि कॅमेरा खाली ठेवा.

मोहाची दारू कोणी पुढे केली तर नको म्हणता येतं, कोणी रागावत नाही. मागून घेऊ मात्र नका.

७. मध काढताना पाहायचं असेल तर

दुसऱ्या फेरीत एका दादांबरोबर सकाळी नाल्याकाठी गेलो होतो. मी मान वर करून फांद्या न्याहाळत होतो आणि ते खाली बघत चालले होते. एका जागी थांबले, पळसाचं पान उचलून माझ्यापुढे धरलं. पानावर मोहरीएवढे पिवळे ठिपके.

"क्या है?" मी.

"माखी का हगना," ते गंभीरपणे म्हणाले. "इधरच है ऊपर."

खरंच होतं. अर्जुनाच्या झाडावर, तीन मजले उंचीवर, काळं, अर्धगोल, लोंबतं. वाऱ्याची झुळूक आली की पृष्ठभागावरून एक लाट सरकायची, हजारो माशा एकापाठोपाठ एक पोट उचलायच्या. दादांनी बराच वेळ पाहिलं. पोळ्याचा वरचा, फांदीला चिकटलेला जाड भाग म्हणजे कांदा, मध त्यातच असतो. खालच्या पसरट भागात अंडी, अळ्या, पिल्लं. कांदा फुगून आला आणि घरांवर पांढरं मेणाचं झाकण बसलं की मध पिकला. दादा म्हणाले, "अभी कच्चा है, भाऊ. पंद्रा दिन." आणि आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. पहिल्या फेरीत असाच एक कांदा मी पंधरा दिवस आधी कापायला लावला होता.

जुनी पद्धत अशी: अंधाऱ्या रात्री पेटता पलिता पोळ्यावर झाडायचा, ठिणग्या खाली पडतात, माशा ठिणग्यांमागे खाली जातात आणि बऱ्याच जळतात. मग अख्खं पोळं कापून, पिळून मध काढायचा. त्यात अळ्यांचा रसही उतरतो, आणि तो मध टिकत नाही. नवी पद्धत अशी: जाळीचा टोप, जाड पोशाख, हिरव्या पाल्याचा धूर. माशा बाजूला सरकवून फक्त कांदा कापायचा, पिल्लांचा भाग फांदीला तसाच सोडायचा, आणि मध पिळण्याऐवजी फडक्यातून आपोआप गळू द्यायचा. माशा त्याच पोळ्यावर राहतात, कांदा परत बांधतात, आणि फुलोरा असेल तर त्याच मोहोळातून हंगामात पुन्हा मध मिळतो. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने विदर्भातल्या मध काढणाऱ्यांना ही पद्धत शिकवायला खूप काम केलं आहे. पोशाख घातलेली माणसं दिसली तर समजा शिकलेली टोळी आहे.

तुमच्यासाठी नियम थोडेच. काढणं त्यांच्या ठरलेल्या वेळापत्रकात असेल तर पाहा, तुमच्यासाठी काढायला लावू नका. वाऱ्याच्या दिशेने उभे राहू नका, ते दाखवतील तिथेच, लांब, उभे राहा. रात्रीच्या कामाला जाऊ नका. दोरावर लटकलेल्या माणसाला खालून ओरडून "इकडे बघा" म्हणू नका. व्हिडिओ हवाच असेल तर आधी विचारा, आणि गावाचं नाव, झाडाची खूण टाकू नका. दुसऱ्या दिवशी कोण चोरून कापून नेईल याचा नेम नाही.

८. मोहोळ उठलं तर

याचा सराव आधी मनात करून ठेवा, तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

हात झटकू नका, तोंड आणि डोकं कपड्याने झाका, आणि पळा. सरळ, लांब, घराच्या किंवा गाडीच्या दिशेने. आग्या बरंच अंतर पाठलाग करते, म्हणून वीस पावलांवर थांबून मागे बघणं बंद. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंखातून इशाऱ्याचा वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि त्या वासावर बाकीच्या तिथेच येतात. त्यामुळे सुरक्षित जागी पोचलात की नांग्या ताबडतोब काढा. नखाने खरवडा, चिमटीने ओढा, कसंही. पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा, कारण नांगीला चिकटलेली पिशवी विष आत ढकलत राहते.

सूज आणि आग सगळ्यांनाच होते. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांध्या, चक्कर, उलट्या यातलं काही दिसलं किंवा डंख खूप असले, तर १०८ ला फोन करा आणि वाट बघत न बसता गाडीने निघा. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, अचलपूरलाही. तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते सकाळीच बघून ठेवा. ज्यांना पूर्वी डंखाची मोठी रिॲक्शन आली आहे त्यांनी झाडाजवळ जाऊच नये, गावात बसून चहा प्यावा.

९. मध विकत घेताना

विचारायचे प्रश्न तीनच. कुठल्या माशीचा? कधी काढला? पिळला की गाळला? स्वतः मध काढणारा माणूस हे सगळं न अडखळता सांगतो. रस्त्याकडेचा विक्रेता अडखळतो.

रस्त्याकडेच्या बादलीवाल्यांपासून सावध राहा. पर्यटनाच्या ठिकाणांजवळ बादलीत पोळ्याचा तुकडा, वर दोन-चार मेलेल्या माशा, खाली काळपट पातळ रस असा देखावा मांडलेला असतो. तो रस बहुतेक वेळा गुळाचा किंवा साखरेचा पाक असतो. गाडी थांबवून त्याच्याकडे घेतलेल्या मधावरून कोरकूंना नावं ठेवणारे लोक भेटतात, म्हणून लिहिलं.

किलो आणि लिटरचा घोळ सगळ्यांत जास्त होतो. मध पाण्यापेक्षा बराच जड. एक लिटर मधाचं वजन साधारण १.४ किलो भरतं, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत जवळपास एक किलो. गावात मध बाटलीवर विकतात, शहरात किलोवर. बाटलीचा भाव ऐकून "एक लिटरही नाही आणि एवढे?" म्हणण्याआधी हा हिशोब करा. काटा त्यासाठी न्यायचा, आणि दोघांनी मिळून बघायचा. बचत गटाचा किंवा ग्रामसभेचा ठरलेला भाव असेल तर घासाघीस नको. तीन मजले उंच फांदीवर दोराने लटकणाऱ्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालताना आपलं आपल्यालाच कसं तरी वाटायला हवं.

आगाऊ पैसे देऊन ठेवू नका. हे मला सगळ्यांत उशिरा कळलं. वाटतं आपण मदत करतोय, पण पैसे घेतलेल्या माणसावर तारखेचं ओझं येतं, आणि तारीख गाठायला कच्चा कांदा कापला जातो. "पिकेल तेव्हा काढा, फोन करा, मी येईन किंवा मागवीन," हे सांगणं जास्त मदतीचं.

काडेपेटी, पेलाभर पाणी, मुंग्या, कुत्रा या घरगुती परीक्षा सोडून द्या. मेण लागलेली काडी पेटते आणि घट्ट पाकही पाण्यात तळाशी जातो. साखरेच्या चलाख भेसळी प्रयोगशाळेलाही सहज सापडत नाहीत. आग्याचा मध मुळातच पातळ असतो. अन्न सुरक्षा मानकांत मधातल्या पाण्याची कमाल मर्यादा २० टक्के आहे, आणि रानातून नुकता आणलेला मध तिच्यावर जाऊ शकतो. म्हणून पातळ म्हणजे पाणी घातलेला असं नाही, पण पातळ मध लवकर आंबतो हे खरं. पुढे विकायला घेणार असाल तर परवाना, लेबल, तपासणी हे वेगळं प्रकरण आहे. दहा बाटल्या मित्रांना विकण्याआधी ते समजून घ्या.

१०. घरी आणताना आणि आणल्यावर

बरणी तीन-चतुर्थांश भरा. झाकण लावा, पण उन्हाळ्याच्या प्रवासात मुक्कामाच्या ठिकाणी एकदा सैल करून वायू जाऊ द्या. बरणी उभी ठेवा, गाडीच्या डिकीत नको, तिथे भट्टी असते. विमानाने जाणार असाल तर चेक-इन सामानात, मध द्रवात मोजतात. परदेशी नातेवाइकांसाठी नेणाऱ्यांनी त्या देशाचा नियम आधी बघा. न्यूझीलंडमध्ये तर मध नेताच येत नाही.

घरी आल्यावर एकदा स्वच्छ मलमलीतून गाळा, दोन दिवस राहू द्या. वर फेस आणि मेणाचे कण येतील, चमच्याने काढा. फ्रीजमध्ये ठेवला की आंबायचा थांबतो, थोडा रवाळ होतो. रवाळ होणं ही भेसळीची खूण नाही, मध गोठतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवा, परत पातळ होईल. उकळू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, बारशाच्या दिवशीसुद्धा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. बाळांना त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो.

रिकाम्या झालेल्या बरण्या धुऊन, उन्हात वाळवून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात त्याच परत घेऊन जा. मागच्या वेळी मी सहा नेल्या होत्या. दादांनी चार भरल्या, दोन ठेवून घेतल्या आणि म्हणाले, "ये अच्छी है, लोणचे को चलेगी." त्या दोन बरण्या आता हिशोबात धरूनच नेतो.